कडू घासाचा डबा

माझ्या आईची लेखी स्तुती मी पहिल्यांदा वाचली ती माझ्या नवऱ्याच्या वकिलानं केलेल्या अर्जात. आईला जाऊन तेव्हा तेवीस दिवस झाले होते. अर्जात म्हटलं होतं की कै. इंदुमती या अत्यंत मायाळू, कर्तव्यदक्ष व संस्कारी स्त्री होत्या, अज्ञान मुलीचे संपूर्ण संगोपन त्यांनीच केले आणि त्यांच्या निधनाने मुलगी पोरकी झाली आहे. सबब मुलीचा ताबा अर्जदार पित्याकडे देण्यात यावा.

अज्ञान मुलगी म्हणजे माझी ईश्वरी, वय आठ. कोर्टाच्या कागदात अठराच्या आतल्या प्रत्येकाला अज्ञान म्हणतात. अठराच्या पुढच्यांना काय म्हणायचं, ते कागद सांगत नाहीत.

आईनं अडतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांमधून शिकवलं. निवृत्तीच्या सत्काराला आलेल्या पुढाऱ्यानं शाल तिच्याऐवजी शेजारी बसलेल्या बाईंच्या खांद्यावर घातली आणि भाषणही त्यांच्याकडे बघूनच केलं. त्यामुळे हा अर्ज तिला आवडला असता. चष्मा पुसून तिनं तो दोनदा वाचला असता आणि म्हणाली असती, याच्या आधीचा कागद काढ बरं.

याच्या आधीचा कागद म्हणजे दोन वर्षांपूर्वीचा घटस्फोटाचा मूळ अर्ज. वकील तेच, गोकुळ वाकळे. त्यात माझी आई ‘कारस्थानी व अहंकारी वृत्तीची’ होती, तिनं ‘गैरअर्जदाराच्या’, म्हणजे माझ्या, ‘कानात सतत विष ओतून’ त्यांच्या अशिलाच्या सुखी संसाराची राखरांगोळी केली होती, आणि तिच्या सहवासात मुलीवर ‘विपरीत संस्कार’ होण्याची भीती होती. दोन वर्षांत एवढं सुधारायला आईला फक्त मरावं लागलं.

शिवराजबद्दल थोडक्यात सांगते, कारण तो थोडक्यात मावतो. वाळूजच्या एका कंपनीत तो सुपरवायझर आहे. त्यानं मला कधी मारलं नाही. त्याची बाजू घेणारे सगळे ही गोष्ट आवर्जून सांगतात, एखाद्याची पदवी सांगावी तशी. त्याचे सगळे निर्णय त्याचे दाजी काकासाहेब घेतात. कोणती गाडी घ्यायची, ईश्वरीला कोणत्या शाळेत घालायचं, मी नोकरी करायची की नाही, हे सगळं फुलंब्रीत, माझ्या सासरच्या गावी, ठरायचं आणि मला फोनवर कळायचं. मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. बायकोनं दिवसभर पुस्तकांवर शिक्के मारून घराला काय मिळतं, असा प्रश्न काकासाहेबांना पडला. त्यांनी मी नोकरी सोडून फुलंब्रीला राहावं असं ठरवलं, आणि शिवराजनं ते मला चहा पिता पिता सांगितलं, उद्या पाणी येणार नाही असं सांगावं तशा आवाजात. मी ईश्वरीला घेऊन गारखेड्याला आईकडे आले. तिथून पुढचं सगळं कागदावर आहे.

कोर्टानं निकाल लागेपर्यंत ईश्वरीला माझ्याकडे ठेवलं होतं. दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच ती बापाकडे. हे सहा तास मिळावेत म्हणून शिवराजनं चार तारखा भांडून घेतल्या. मिळाल्यावर तो तिला मॉलमध्ये नेई, एका खेळात बसवी आणि स्वतः बाकावर फोन बघत बसे. साडेतीनलाच आणून सोडी. एकदा आईनं दार उघडून घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाली, शिवराजराव, दीड तास उरलाय तुमचा, घरी घेऊन जाता का परत. तो हसला नाही. विनोद कळायला दाजींना विचारावं लागलं असतं.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी दुपारी आईनं ईश्वरीला शाळेच्या रिक्षातून उतरवून घेतलं, पोळी वाढली, आणि डोकं जड झालंय म्हणून पडली. चार वाजता ईश्वरीनं मला कॉलेजात फोन केला. आजी उठत नाहीये, म्हणाली. मी तिला सांगितलं की आजीच्या अंगावर पांघरूण घाल आणि शेजारच्या काकूंकडे जाऊन बस. तिनं दोन्ही केलं. मी पोचले तेव्हा पांघरूण नीट, चारी कोपरे दुमडून घातलेलं होतं, जसं आई तिला घालायची.

या दिवसांबद्दल मला जास्त लिहायचं नाही.

पण तिसऱ्या दिवसाबद्दल लिहावं लागेल, कारण तो पुराव्यात आहे. आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की चूल पेटत नाही. सोयऱ्यांनी आपल्या घरून शिजवून आणायचं आणि दुःखातल्या माणसांना समोर बसवून खाऊ घालायचं. याला कडू घास म्हणतात. मी असल्या चालीरीतींबद्दल पुष्कळ वाचलेलं आहे. आमच्या ग्रंथालयात त्यावर पाऊण कपाट पुस्तकं आहेत. मात्र त्या दिवशी सकाळी साडेसातला दार वाजलं आणि दारात माझी सासू साळूबाई डोक्यावर पदर घेऊन, दोन्ही हातांनी एक मोठा स्टीलचा डबा धरून उभी होती, तेव्हा हे काय आहे ते मला क्षणभर कळलं नाही. मला वाटलं, भांडायला आली.

ती फुलंब्रीहून सहाच्या बसनं आली होती. माझ्याशी काही बोलली नाही. आत जाऊन बायकांमध्ये बसली, थोडं रडली, मग उठून तिनं परातीत भाकरी-पिठलं काढलं आणि एकेकाला वाढायला लागली. मला म्हणाली, खा. मी खाल्लं नाही तेव्हा शेजारी बसून राहिली, मी खाईपर्यंत. ईश्वरीला तिनं दुधात भाकरी कुस्करून दिली.

अकराच्या सुमाराला शिवराज आणि काकासाहेब काकासाहेबांच्या गाडीतून आले. फुलंब्रीहूनच आले. गाडीत जागा होती. म्हातारीला घेऊन जाऊ, असं दोघांपैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. दोघं बाहेर पुरुषांमध्ये बसले. मोतीराम मामा, आईचा धाकटा भाऊ, त्यांच्याजवळ जाऊन बसला आणि आता ताई गेली, आता तरी दोघांनी एक पाऊल मागं घ्यावं, अशा अर्थाचं बोलायला लागला. आईची राख अजून गरम होती आणि मामाला तडजोडीची घाई झाली होती. काकासाहेब मान डोलवत होते. शिवराजनं मधल्या काळात दोन भाकरी खाल्ल्या. मग तो आत पाणी प्यायला आला, ईश्वरी तेव्हा पुन्हा जेवायला बसली होती. तेव्हा त्यानं फोनवर फोटो काढले, हे मला तेविसाव्या दिवशी समजलं.

फोटो अर्जाला जोडले होते. एकात आमचा ओटा होता. गॅसची शेगडी बंद, तिच्यावर पालथी घातलेली कढई. दुसऱ्यात ईश्वरी जमिनीवर बसून जेवत होती, शेजारी उघडा डबा. खाली मजकूर होता: ‘गैरअर्जदाराच्या घरी अन्न शिजत नसून अज्ञान मुलीस अनोळखी व्यक्तींनी बाहेरून आणलेले शिळे व निकृष्ट अन्न जमिनीवर बसवून खाऊ घालण्यात येते. याउलट अर्जदाराच्या घरी मुलीची प्रेमळ आजी हयात आहे.’

हयात आहे, हे वाक्य मी बराच वेळ बघत होते. आजी हयात असणं ही त्यांची जमेची बाजू होती.

माझ्या वकील राहत मॅडम. शहागंजच्या त्यांच्या ऑफिसात पंखा फिरतो आणि कागदांवर ठेवलेले दगड थरथरतात. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि मला खरं ते सांगितलं. वाकळेंचा अर्ज मूर्खपणाचा आहे, पण एक प्रश्न त्यात खरा आहे. दुपारी बारा ते साडेपाच ही मुलगी कुणाजवळ असते? आधीचा आदेश ज्या आजीच्या भरवशावर झाला ती आता नाही. न्यायाधीश हाच प्रश्न विचारतील.

“सायलीताई, एक बात बोलू? कायदा रडणं बघत नाही. कायदा टाइमटेबल बघतो.”

मी टाइमटेबल सांगितलं. प्राचार्यांची परवानगी घेतली होती. ईश्वरी शाळेतून रिक्षानं थेट कॉलेजात येते, वाचनकक्षाच्या कोपऱ्यातल्या टेबलावर गृहपाठ करते, झोप आली तर माझ्या खोलीतल्या सतरंजीवर झोपते. राहत मॅडमनी प्राचार्यांचं पत्र आणायला सांगितलं. एवढ्यावर भागेल का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, भागेल किंवा नाही भागणार, सांगता येत नाही. फोटो वाईट आहेत. फोटोला तोंड नसतं, त्यामुळे त्याची उलटतपासणी करता येत नाही.

मी तो फोटो पुन्हा घेतला. खरं सांगायचं तर मी त्यात ईश्वरीला बघत नव्हते. तिच्या मागं खिडकीत आईच्या चष्म्याची निळी डबी होती. आई गेल्यावर ती डबी मला सापडली नव्हती, कुणीतरी आवरताना कुठंतरी ठेवली असणार. फोटोत ती होती. त्या डबीसाठी मी फोटो डोळ्यांजवळ नेला आणि तेव्हा मला डब्याच्या कडेवरची अक्षरं दिसली. भांड्यांवर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरून घेतात, तसली. अर्धं नाव ईश्वरीच्या गुडघ्याआड होतं. उरलेलं वाचता येत होतं: ‘...बद्रीनाथ गाडेकर, फुलंब्री’.

बद्रीनाथ गाडेकर हे माझे सासरे. ते सहा वर्षांपूर्वी वारले.

राहत मॅडमनी फोटो माझ्या हातातून घेतला, भिंग काढलं, वाचलं आणि खुर्चीत मागं टेकून छताकडे बघत इतक्या हसल्या की बाहेरचा कारकून आत डोकावला. स्वतःच्या आईनं रांधलेलं अन्न मुलानं पुराव्यात बाहेरचं, अनोळखी आणि शिळं म्हणून दाखल केलं होतं, आणि खाली सही केली होती. मला आश्चर्य वाटलं नाही. जेवण कुठून येतं हा प्रश्न शिवराजला आयुष्यात कधी पडलेला नाही. ते समोर येतं आणि तो ते खातो. त्या दिवशी आत अनेक घरांचे डबे होते, आणि डब्यावरचं नाव भांडी घासणाऱ्यांनीच वाचायचं असतं.

डबा कुठंय, असं त्यांनी विचारलं. माझ्याकडेच होता. तो परत करायचा राहिला होता, कारण कसा करायचा हे मला माहीत नव्हतं. एरवी आमच्यात कुणाचा डबा रिकामा परत देत नाहीत, मूठभर साखर तरी घालतात. पण दुःखाच्या घरातून सोयऱ्याकडे काही पाठवायचं की नाही? आईला विचारलं असतं. असल्या प्रश्नांसाठी मला तिच्याशिवाय कुणी नव्हतं आणि पाऊण कपाट पुस्तकांत ते कुठं लिहिलेलं नव्हतं. म्हणून डबा धुऊन, पुसून ओट्याच्या खाली ठेवला होता.

सुनावणीच्या दिवशी मी तो कापडी पिशवीत घालून कोर्टात नेला. न्यायाधीश मॅडम आधी ईश्वरीशी दहा मिनिटं एकट्या बोलल्या. बाहेर आल्यावर तिनं मला फक्त एवढं सांगितलं की मॅडमकडे लाल शाईचं पेन आहे आणि तिनं त्यांना दुपारी ती कोणकोणती पुस्तकं वाचते ते सांगितलं. मग राहत मॅडमचा कारकून तिला बाहेरच्या बाकावर घेऊन बसला आणि आम्हाला पुकारा झाला.

वाकळे वकिलांनी साळूबाईला बरोबर आणलं होतं. प्रेमळ आजी, हयात, पुराव्यादाखल. ती नवं इरकली लुगडं नेसली होती आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होती. तिच्या मागं काकासाहेब, शेजारी शिवराज. अर्जात काय लिहिलंय हे तिला कुणी सांगितलेलं नसणार हे तिच्याकडे बघून कळत होतं. तिला एवढंच माहीत होतं की नातीला घरी आणायचं आहे.

वाकळेंनी पंधरा मिनिटं भाषण केलं. त्यात माझ्या आईचा उल्लेख चार वेळा ‘त्या थोर माऊली’ असा झाला. राहत मॅडमनी उभं राहून मूळ अर्जातला परिच्छेद आणि नव्या अर्जातला परिच्छेद एकामागून एक वाचला. मग त्यांनी प्राचार्यांचं पत्र दिलं, फोटो दाखवला आणि पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला.

न्यायाधीश मॅडमनी फोटो बघितला, डबा बघितला, आणि साळूबाईला पुढं बोलावलं.

“आजी, हा डबा ओळखता?”

साळूबाईनं तो हातात घेतला, नाव वाचता येत नसल्यामुळे उलटा केला आणि तळ बघितला. “माझाच हाय. ह्यो पोचा बघा. आमच्या मालकानं पाडला व्हता.”

“यांच्याकडे कसा आला?”

“कडू घास नेला व्हता की. इहीणबाई गेल्या न्हवं. चूल बंद असती, सोयऱ्यानं न्यावंच लागतंय.”

न्यायाधीश मॅडमनी मग अर्जातलं ते वाक्य मोठ्यानं वाचलं, सावकाश, मध्ये न थांबता. अनोळखी व्यक्तींनी बाहेरून आणलेले शिळे व निकृष्ट अन्न.

साळूबाईनं वाकळेंकडे बघितलं, मग काकासाहेबांकडे. “शिळं कोण म्हणलं?”

वाकळे कागद चाळायला लागले.

“पहाटं चारला उठून थापल्यात भाकरी,” ती म्हणाली. मग तिची नजर शिवराजवर आली. “तू बी खाल्ल्या की दोन.”

मागच्या बाकांवर आपल्या पुकाऱ्याची वाट बघणारे लोक हसले. शिवराज काकासाहेबांकडे बघत होता. काकासाहेब फोन बघत होते. मला त्या क्षणी जे वाटलं ते सांगायला हरकत नाही. मला फार बरं वाटलं. दोन वर्षांत कोर्टात मला पहिल्यांदा बरं वाटलं.

ते साधारण अर्धं मिनिट टिकलं. वाकळेंना मी मूर्ख समजत होते. ते मूर्ख नाहीत, नुसते निर्लज्ज आहेत, आणि निर्लज्ज माणसाला सावरायला वेळ लागत नाही. ते उठले आणि म्हणाले, ठीक आहे, अन्न आजीचं होतं. मग कोर्टानं गैरअर्जदाराची दोन वर्षांपूर्वीची कैफियत बघावी, परिच्छेद चौदा. आणि त्यांनी तो वाचला.

‘अर्जदाराची आई ही अशिक्षित व बुरसटलेल्या विचारांची असून तिला स्वच्छतेचे भान नाही. तिच्या हातचे अन्न व तिचा सहवास अज्ञान मुलीच्या आरोग्यास व वाढीस घातक आहे.’

“मग एवढं घातक अन्न आईनं मुलीला खाऊ कसं दिलं, एवढाच माझा प्रश्न आहे,” वाकळे म्हणाले आणि बसले.

साळूबाई अजून पुढंच उभी होती, डबा छातीशी धरून.

ते वाक्य राहत मॅडमनी असं लिहिलं नव्हतं. त्यांच्या मसुद्यात ‘मुलीची आजी वयस्कर व कमी शिकलेली असून’ एवढंच होतं. मसुदा मी घरी नेला होता. भाषा मला ढिसाळ वाटली, म्हणून मी ती नीट केली. बुरसटलेल्या हा शब्द माझा. स्वच्छतेचे भान हे माझं. रात्रीचं जेवण झाल्यावर मी आईला तो परिच्छेद वाचून दाखवला होता, भाषा जमली म्हणून. आई भाकरीचं पीठ चाळत होती. ती म्हणाली, अगं, त्या बाईच्या घरी मी जेवलेय. मी म्हणाले, कोर्टात असंच लिहावं लागतं. तिनं चाळणी आपटली आणि कोंडा बाजूला केला.

न्यायाधीश मॅडमनी मला विचारलं, “हे तुमचं शपथपत्र आहे. हे खरं आहे का?”

राहत मॅडमनी टेबलाखालून माझा पाय दाबला. त्याचा अर्थ मला समजत होता. मत आहे म्हणावं, त्या वेळची परिस्थिती म्हणावं, काहीही म्हणावं, पण शपथेवर लिहिलेलं खोटं आहे असं म्हणू नये. ज्या बाईनं एक वाक्य खोटं लिहिलं तिची बाकीची वाक्यं का खरी मानावीत? आणि त्या बाकीच्या वाक्यांवर ईश्वरी माझ्याकडे होती. ती बाहेर बाकावर बसली होती. आतला पंखा फार हळू फिरत होता.

“नाही,” मी म्हणाले. “ते खरं नाही. ते मी लिहिलं. वकिलांनी नाही.”

“का लिहिलंत?”

“यांच्या अर्जात माझ्या आईबद्दल जे लिहिलं होतं त्याला उत्तर म्हणून.”

न्यायाधीश मॅडमनी लाल पेनानं काहीतरी टिपून घेतलं. मग त्यांनी लघुलेखिकेला सांगायला सुरुवात केली. ताब्याचा अर्ज नामंजूर. मुलीची दुपारची व्यवस्था समाधानकारक आहे. भेटीचे रविवार पूर्वीप्रमाणे, मात्र अर्जदारानं मुलीला पाचच्या आधी आणून सोडू नये. हे त्यांना ईश्वरीनं सांगितलं असणार. शेवटी त्या म्हणाल्या की दोन्ही पक्षांनी एकमेकांच्या मातांबद्दल केलेली विधानं कोर्ट यापुढं सारख्याच सावधपणे वाचेल. हे वाक्य आदेशात आहे. माझं आणि वाकळेंचं लेखन एका वाक्यात, एका पंक्तीला बसलेलं आहे.

बाहेर आल्यावर राहत मॅडमनी आधी फाइल बांधली. मग म्हणाल्या, ताई, अल्लाची मेहेरबानी समजा. दुसरा जज असता तर तुमची पोरगी आज फुलंब्रीला असती. त्यांचं बरोबर होतं.

शिवराज आणि काकासाहेब जिन्यावरून खाली गेले, गाडी काढायला. साळूबाई मागं राहिली. ईश्वरी तिला बिलगली होती आणि डब्याचं झाकण काढून आत बघत होती. आत काही नाही म्हटल्यावर तिनं झाकण परत लावलं.

मी जवळ गेले. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं. “आत्याबाई,” मी म्हणाले, आणि पुढचं मला येईना. इतकी पुस्तकं.

“मला वाचता येत नाय,” ती म्हणाली. “पर ऐकू येतंय.”

मी मान खाली घातली. तिनं माझ्या खांद्यावरून हात वगैरे फिरवला नाही. ती तशी बाई नाही आणि तसं काही घडावं एवढी माझी लायकीही नव्हती. तिनं डबा काखेला मारला.

“तो मला परत करायचा होता,” मी म्हणाले. “रिकामा देतात का भरून, ते कळेना. म्हणून राहिला.”

तिनं माझ्याकडे बघितलं. आत खोलीत बघितलं नव्हतं इतकं नीट.

“आईनं सांगितलं नाय व्हय?”

“नाही. तेवढं राहिलं.”

खालून गाडीचा हॉर्न वाजला, दोनदा. तिनं त्याकडे लक्ष दिलं नाही.

“रिकामाच देत्यात,” ती म्हणाली. “दुखाचं काय भरून द्यायचं.” मग ईश्वरीच्या तोंडावरून हात फिरवला, लुगड्याचा काठ सावरला आणि जिना उतरायला लागली, एका हातानं कठडा धरून, एकेक पायरी. चौथ्या पायरीवर थांबून वर न बघता म्हणाली, “पोरीला भाकरी आवडती. तुला थापता येत नाय, ते बी लिहायचं व्हतं कागदात.”

दुसऱ्या दिवशी मी राहत मॅडमच्या ऑफिसात गेले आणि परिच्छेद चौदा काढून टाका म्हणाले. त्या म्हणाल्या, कोर्टात दाखल झालेल्या कागदावरचं असं खोडता येत नाही. त्यासाठी दुरुस्तीचा वेगळा अर्ज करावा लागतो, कारण द्यावं लागतं, शपथपत्र द्यावं लागतं. कशाला भानगड, जज विसरतील. मी म्हणाले, जज विसरतील. अर्ज मी स्वतः लिहिला. तीन ओळींचा झाला. परिच्छेद चौदामधील विधान असत्य असून ते गैरअर्जदाराने स्वतः लिहिले होते, ते वगळण्याची परवानगी मिळावी. यावेळी भाषा नीट करायचं काही नव्हतं.

अर्जाची प्रत नियमाप्रमाणे वाकळे वकिलांना दिली. त्यांच्याच अशिलाच्या आईची बदनामी मागं घेण्याचा अर्ज. त्यांनी तो वाचला आणि त्यावर म्हणणं मांडायला कोर्टाकडून तीन आठवड्यांची मुदत मागून घेतली. काकासाहेबांना विचारावं लागेल, असं शिवराज म्हणाला म्हणे.